आधी नजर, मग दुर्बीण



पोळा झाला. आता पाऊस ओसरला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या जलाशयांवर पाहुणी बदकं उतरू लागतील. वडनेर भोलजीच्या मंडळींना नळगंगा धरण काही लांब नाही. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भिवई बदक, ही सगळी हिमालयापलीकडून येणारी. एके काळी हा हंगाम बंदुकीचा होता, आणि जातिवंत शिकारी हंगामाआधीच हात बसवून घ्यायचा. का, ते ऐकण्यासारखं आहे.

बदक ताशी ६० किलोमीटर वेगाने सहज उडतं. ३५ मीटरवर छर्रे पोचायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. तेवढ्यात ते दीड-पावणेदोन मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे थेट बदकावर नेम धरला की बार हुकलाच. बंदूक पक्ष्याच्या मागून फिरवत आणायची, त्याच्या पुढे काढायची आणि चाप ओढल्यावरही हात थांबू द्यायचा नाही. नजर सतत पक्ष्यावर, नळीवर कधीच नाही. दस्ता आपोआप गालाला येऊन भिडला पाहिजे. सराव कच्चा असला की पक्षी जखमी होऊन लव्हाळ्यात तडफडायचा. शिवाय चिखलात पडलेले शिशाचे छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले. फार चांगलं झालं. बंदुकीचंच कसब ज्याला हवं त्याच्यासाठी उडत्या तबकडीवर नेम धरण्याचा खेळ आहे. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, ते याच कसबावर.

पण त्या कसबाचा गाभा आपल्याला दुर्बिणीसाठी हवा आहे. नवखा माणूस आधी दुर्बीण डोळ्यांना लावतो आणि मग आभाळात पक्षी शोधत बसतो. तोवर थवा निघून जातो. म्हणून आत्तापासून सराव करा. तारेवर बसलेल्या कोतवालाकडे उघड्या डोळ्यांनी पाहा. मान आणि नजर जराही न हलवता दुर्बीण वर उचला. पक्षी मधोमध दिसला पाहिजे. ते जमलं की उडती घार धरा, मग पाकोळ्या. पाकोळी चांगलीच घाम काढते! दोन्ही डोळ्यांना सारखं स्पष्ट दिसेल असं दुर्बिणीचं कडं आधीच फिरवून ठेवा. बगळे घरट्याकडे परतताना दहा-दहाच्या गटाने मोजायची सवय लावा, कारण पाण्यावरचा मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही.

१९८७पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. गावातल्या शिक्षकांनी आणि तरुण मुलामुलींनी यंदा त्यात उतरावं, आपल्या धरणावरची बदकं स्वतः मोजावीत आणि ती नोंद गणनेत पाठवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.