तोबियाचें कुत्रें

(महोत्सवानिमित्त भरलेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें देवळाचा इतिहास सांगावा, उपकारकर्त्यांचे आभार मानावे आणि पुढील पिढीस उपदेशाच्या चार गोष्टी सांगाव्या, असा परिपाठ आहे. तें काम इतर वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. मीं निवडलेला विषय ऐकून कदाचित् कोणास हसूं येईल. मी आज लहान कुत्र्यांविषयीं बोलणार आहें. ज्या घरांतील मुलें शिक्षणासाठीं वा पोटापाण्यासाठीं दूर गेलीं, आणि जेथें आतां दोन किंवा एकच म्हातारें माणूस उरलें, अशा घरांतील लहान कुत्र्यांविषयीं. हा विषय मीं विनोदासाठीं घेतलेला नाहीं. तो माझ्या एका चुकींतून मजपुढें आला, आणि ती चूक आपणां सर्वांसमोर प्रथम कबूल करणें मला प्राप्त आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीं ५ जानेवारी २०२२ रोजीं रोम येथें, बुधवारच्या जाहीर भेटीच्या वेळीं, संत योसेफाविषयीं प्रवचन केलें. मूल नको म्हणणारीं किंवा एकावरच थांबणारीं, परंतु घरीं दोन कुत्रीं व दोन मांजरें बाळगणारीं जोडपीं पुष्कळ दिसतात, हा एक स्वार्थाचा प्रकार आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं त्यांत काढले. वर्तमानपत्रांतून ते जगभर गाजले. पुढल्याच रविवारीं मीं मिस्साच्या प्रवचनांत ते उचलले, आणि त्यांस पदरचें तिखटमीठ लावलें. मुलांच्या जागीं कुत्रीं बसविणाऱ्या घरांची मीं यथेच्छ थट्टा केली. लोक हसले, मला बरें वाटलें.

तिसऱ्या बाकावरील एक वृद्ध जोडपें मात्र हसलें नाहीं. मिस्सा संपल्यावर दाराशीं थांबून “फादर, येतों हं” असें म्हटल्यावांचून जें कधीं घरीं जात नसे, तें त्या दिवशीं बाजूच्या दारानें निघून गेलें. पुढेंहि तीन रविवार तसेंच झालें. चौथ्या आठवड्यांत मी त्यांच्या घरीं गेलों.

दार उघडण्यापूर्वींच आंतून भुंकणें ऐकूं आलें. पांढऱ्या केसांचें एक म्हातारें कुत्रें माझ्या पायांशीं आलें, झगा हुंगला, आणि कर्तव्य बजावल्याप्रमाणें पुन्हा दाराशीं जाऊन बसलें. आपण ज्यास सरसकट पॉमेरियन म्हणतों, परंतु जाणकार ज्यास इंडियन स्पिट्झ म्हणतात, त्या जातीचें तें होतें. बाईंनीं चहा केला, आणि कप माझ्या हातीं देतां देतां त्या शांतपणें म्हणाल्या, “फादर, हें आमचें मूल नव्हे. हें आमच्या मुलांचें कुत्रें आहे.”

माझें सारें प्रवचन त्या एका वाक्यानें पुसून टाकलें. मग हकीकत कळली. मुलगा दहावींत असतांना दोघां भावंडांनीं हट्ट करून तें पिलूं घरीं आणलें. वडिलांचा सक्त विरोध होता. “आम्ही सगळें करूं,” असें मुलांनीं वचन दिलें, आणि अशीं वचनें जितके दिवस टिकतात तितके दिवस तें टिकलें. पुढें मुलगी पुण्यास गेली, मुलगा कॅनडास गेला; आणि ज्यानें विरोध केला होता त्याच बापाच्या हातीं साखळी राहिली. शाळेची रिक्षा येण्याची जी वेळ होती, त्या वेळीं तें कुत्रें अजून रोज दाराशीं जाऊन बसत असे. “आधीं तें पाहून रडूं येई,” बाई म्हणाल्या, “आतां आम्हीहि तेथेंच खुर्च्या टाकून बसतों.”

परत येतांना मला पवित्र शास्त्रांतील तोबीताचा ग्रंथ आठवला. निनवे नगरांत बंदिवासांत राहणारा तोबीत आंधळा होतो. घरांत दारिद्र्य येतें. दूर मेदिया देशांत ठेवलेले पैसे आणण्यासाठीं एकुलता एक मुलगा तोबिया प्रवासास निघतो. सोबत एक वाटाड्या आहे, तो देवदूत राफाएल आहे हें कोणास ठाऊक नाहीं. मुलगा निघतांच आई अन्ना रडूं लागते, आणि पैशासाठीं आपल्या म्हातारपणचा आधार कां दूर धाडलात म्हणून नवऱ्यास दोष देते. ठरलेले दिवस उलटून गेल्यावर ती रोज वाटेकडे डोळे लावून बसते. मुलानें पोटासाठीं परमुलखांत जावें आणि आईनें वाट पाहावी, ही गोष्ट दुबईच्या विमानाबरोबर आलेली नव्हे. ती शास्त्राइतकी जुनी आहे.

ह्या गोष्टींत एक कुत्रें आहे. जातांना तें तोबियाबरोबर गेलें एवढें ग्रंथकार सांगतो, आणि परततांनाहि तें बरोबर होतें हें सांगावयास विसरत नाहीं. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरांत तर तें सर्वांच्या पुढें धांवत घरीं आलें व शेंपूट हलवून आनंद दाखवूं लागलें, असें आहे. त्याचें नांव कोठें नाहीं. त्यानें कांहीं चमत्कार केला नाहीं. परंतु विचार करा: तोबीताचें घर दोन वेळां रिकामें झालें होतें. मुलगाहि गेला, आणि कुत्रेंहि गेलें. आपल्याकडे मुलें जातात आणि कुत्रें मागें राहतें. मुलांच्या बालपणाचा तो एक तुकडा आईबापांच्या पदरीं राहतो, आणि तो तुकडा भुंकतो, भूक लागली म्हणून सांगतो, दाराशीं जाऊन बसतो. त्यास मुलाच्या जागीं बसविलेली मूर्ति म्हणणें हा अन्याय आहे, आणि तो अन्याय मीं वेदीपुढें उभें राहून केला.

लहान कुत्र्यांचा उल्लेख शुभवर्तमानांतहि आहे. एक परजातीय माता आपल्या आजारी मुलीसाठीं प्रभूपाशीं याचना करिते, आणि मुलांच्या मेजाखालीं पडणाऱ्या चुऱ्यावर कुत्र्यांचाहि वांटा असतो, असें धिटाईनें बोलून जाते. मत्तय व मार्क ह्या दोघांनींहि हा प्रसंग दिला आहे. मूळ ग्रीक शब्द लहान कुत्र्यांसाठीं आहे, आणि येथें घरांत वावरणारीं कुत्रीं अभिप्रेत आहेत, असें सेमिनरींत आम्हांस शिकविलें होतें. मी तें परीक्षेंत लिहिलें, आणि त्याचा अर्थ कळण्यास मला तीस वर्षें लागलीं. जेथें मुलें जेवतात तेथें कांहींतरी सांडतें, आणि जेथें सांडतें तेथें लहान कुत्रें असतें. मेजावर दोनच ताटें राहिलीं, तरी खालीं कोणी वाट पाहत आहे ह्या जाणिवेनें माणसाचा हात सैल सुटतो. देणें ज्याच्या अंगीं राहिलें, तो पुरता एकटा झाला नाहीं.

आपल्या भागाची कुत्र्यांविषयीं ख्याति खरें तर निराळी आहे. शेजारच्या मुधोळच्या शिकारी कुत्र्याचें, ज्यास आपण कारवानी म्हणतों, चित्र भारतीय टपाल खात्यानें २००५ सालीं तिकिटावर छापलें. तो वाऱ्यासारखा धांवणारा. त्याची साखळी धरून सत्तर वर्षांच्या माणसानें रंकाळ्यावर निघावें, म्हणजे कोणी कोणास फिरविलें हें सांगणें कठीण! लहान कुत्रें शिकार करीत नाहीं, शेत राखीत नाहीं. तें केवळ सोबत करितें.

ही सोबत म्हणजे काय, हें त्यानंतर मीं अनेक घरीं पाहिलें. पहिली गोष्ट, तें माणसास सकाळीं उठवितें. ज्यास आतां कोणाचा डबा भरावयाचा नाहीं, त्यास अंथरुणांतून उठण्यास कारण लागतें. दुसरी गोष्ट, तें माणसास घराबाहेर काढितें. माझ्या ह्या वृद्ध गृहस्थांस रंकाळ्यावर नांवानें कोणी ओळखत नसे. पण कुत्र्याचें नांव मोती, हें शेंगा विकणाऱ्यापासून शाळेच्या पोरांपर्यंत सर्वांस ठाऊक होतें, आणि मोतीची चौकशी करतां करतां लोक त्यांच्या गुडघ्यांचीहि चौकशी करीत. तिसरी गोष्ट, तें माणसास बोलतें ठेवितें. जोडीदार गेला म्हणजे घरांतून प्रथम शब्द जातो. एक विधवा भगिनी मला म्हणाल्या, जपमाळ त्या पूर्वीं मनांत म्हणत; आतां मोठ्यानें म्हणतात, कारण ऐकणारें कोणीतरी आहे. जपानांतील शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं असें दाखविलें, कीं कुत्रें व त्याचा धनी एकमेकांकडे टक लावून पाहतात, तेव्हां दोघांच्याहि शरीरांत ऑक्सिटोसिन नांवाचें द्रव्य वाढतें. आई व तान्हें मूल ह्यांच्या जिव्हाळ्यांत हेंच द्रव्य काम करितें.

येथें कोणी विचारील, कीं मग फादर, ख्रिस्तसभेची शिकवण काय? ती सरळ आहे. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथांत म्हटलें आहे, कीं प्राण्यांवर प्रेम करणें योग्यच होय. मात्र केवळ माणसांस देणें असलेली माया त्यांस देऊं नये, आणि माणसांचें दुःख हलकें करण्यास जो पैसा आधीं लागावा तो त्यांच्यावर उधळूं नये. मीं हें वाक्य म्हाताऱ्या आईबापांवर रोखलें होतें. आतां मला वाटतें, तें प्रथम मुलांस व आपणांस लागू आहे. आईबापांस देणें असलेली माया मुलांनीं कुत्र्याच्या गळ्यांत बांधून जाऊं नये. “आईला सोबत म्हणून पिलूं आणून दिलें,” असें म्हणून ज्यांनीं रविवारचा फोन बंद केला, त्यांनीं पिलूं दिलें नाहीं, पावती दिली. आणि धर्मग्रामानें तरी काय केलें?

तेंहि सांगतों. ह्याच गृहस्थांचें हर्नियाचें ऑपरेशन दोन वेळां पुढें ढकललें गेलें, कारण दवाखान्यांत पत्नीस त्यांच्याजवळ राहावें लागणार, आणि मोतीस पाहणारें घरीं कोणी नाहीं. शेवटीं समोरच्या जैन कुटुंबानें, ज्यांच्या घरीं अंडेंहि शिजत नाहीं, त्यास दहा दिवस दूधभाकरीवर आनंदानें सांभाळलें. आपल्यांपैकीं कोणी पुढें आलें नाहीं, कारण कोणास ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक कसें होणार? ज्या धर्मगुरूनें कुत्र्यावरून थट्टा केली, त्याच्यापाशीं कुत्र्याची अडचण कोण घेऊन येईल?

आतां ज्यांच्या मनांत कुत्रें पाळण्याचें आहे, त्यांस अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. लहान जातीचें कुत्रें सामान्यतः बारा ते पंधरा वर्षें जगतें. सत्तराव्या वर्षीं पिलूं आणणाऱ्यानें पंचाऐंशीचा हिशेब करावा. त्यापेक्षां शांत स्वभावाचें, वयांत आलेलें, कोणी सोडून दिलेलें गांवठी कुत्रें घरीं आणणें शहाणपणाचें व पुण्याचेंहि. चपट्या नाकाचा पग जाहिरातींमुळें आवडता झाला, पण त्यास श्वासाचा त्रास होतो व उन्हाळा सोसत नाहीं. कांदालसूण कुत्र्याच्या रक्तास बाधतो, म्हणून कितीहि माया असली तरी आपला तांबडा रस्सा त्यास घालूं नये; शेजारच्या सांगलीचीं द्राक्षें व चॉकलेट हींहि त्यास विषासमान. कोंबडीचीं शिजविलेलीं हाडें चिरफळून आंतड्यास इजा करितात. लहान कुत्रें पायांत येतें, म्हणून रात्रीं उठतांना आधीं दिवा लावावा. ह्या वयांत एक पडणें पुष्कळ होतें. रेबीजची लस त्यास वेळेवर टोंचून घ्यावी. चावा वा ओरखडा झाल्यास, घरचेंच आहे म्हणून दुर्लक्ष न करितां, जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी व तडक दवाखाना गांठावा. तो रोग एकदां प्रकट झाला म्हणजे माणूस बहुधा वांचत नाहीं. आणि शेवटीं, आपल्यामागें तें कोणाकडे जाईल, हें आजच ठरवून कागदावर लिहून ठेवावें.

महोत्सवाच्या वर्षीं आपण बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदी मोजल्या. माझी विनंति अशी, कीं एक नवी वही आजपासून सॅक्रिस्टींत ठेवावी. ज्यांच्या घरीं एकटें माणूस व मुकें जनावर आहे, त्यांनीं तींत नांव घालावें. आणि अडीअडचणींत आठ दिवस तें जनावर सांभाळण्यास जे तरुण तयार आहेत, त्यांनीं समोरच्या पानावर आपलें नांव घालावें. पहिलें नांव मीं घातलें आहे. धर्मगुरूच्या निवासांत जागा आहे, आणि स्वयंपाकीणबाईंची संमति मोठ्या मिनतवारीनें मिळविली आहे.

मोती गेल्या पावसाळ्यांत गेला. नाताळास मुलगा कॅनडाहून आला. आई मला सांगत होती, कीं एरवीं तो जिना चढूं लागला कीं घरांत आधींच गडबड उडे. ह्या खेपेस त्यास प्रथमच बेल वाजवावी लागली. बेल वाजवून तो उंबऱ्याबाहेरच बराच वेळ उभा राहिला. मग तिघेंहि दाराशीं खुर्च्या टाकून बसलीं, आणि त्या संध्याकाळीं त्यानें आईबापांशीं जितकें बोलणें केलें, तितकें मागल्या पांच वर्षांत केलें नव्हतें.

तोबीताच्या घरीं मुलगा परत आला, आणि आंधळ्या बापास दृष्टि आली. ज्यांचीं मुलें दूर आहेत त्यांस परमेश्वर तसाच आनंद दाखवो, ज्यांस दृष्टि असून दिसत नव्हतें त्या माझ्यासारख्यांस दृष्टि देवो, आणि वाट पाहणाऱ्या प्रत्येक घरीं, मोठी असो वा लहान, कोणाची तरी सोबत ठेवो. आमेन.