मातीविना रोप, काचेच्या भांड्यात

ठाणेकरांच्या तोंडी टेमघरचं नाव येतं ते पाण्यामुळे. (मुळशीतलं धरणाचं टेमघर वेगळं, हे भिवंडीचं.) शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी इथे शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे जातं. अशा पाण्याच्या गावात मातीही न मागणाऱ्या रोपाबद्दल बोलायचं आहे.

त्याचं नाव टिलँडसिया. अननसाच्या कुळातलं, मूळचं अमेरिका खंडातलं. झाडावर झाड दिसलं की आपण बांडगूळ म्हणून मोकळे होतो. पण बांडगूळ झाडाचा रस शोषतं. टिलँडसिया आपल्या आंब्यावरच्या आमरीसारखं नुसता आधार घेतं. मुळं धरून ठेवायला, पाणी प्यायला पानांवरचे रुपेरी खवले.

काचेत बाग लावण्याची कल्पना रुजली ती लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांच्यामुळे. १८२९ च्या सुमारास त्यांना बंद बाटलीत नेचा उगवलेला दिसला. पुढे तशाच काचपेट्यांतून चीनमधली चहाची रोपं भारतात आली. मात्र नेच्याला मानवणारी कोंदट हवा टिलँडसियाला कुजवते. जुलैत ते झाकणाच्या बरणीत ठेवणं म्हणजे ओलं कापड ट्रंकेत कोंबणं! दुकानदार काहीही म्हणो, भांडं रुंद तोंडाचं आणि उघडंच हवं.

बैठकीला वाळलेली, रंग-पॉलिश न केलेली फांदी किंवा करवंटी घ्या. रोप खाचेत जरा तिरपं बसवा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचणार नाही. बांधायला तंगूस उत्तम. भिवंडीत सुताला तोटा नाही, पण सुती दोरा पावसाळ्यात कुजतो. तांब्याची तार तर नकोच, तांबं या रोपाला विषासारखं. बुंध्याभोवती शेवाळ गुंडाळलेलं छान दिसतं, पण ते ओल धरून बसतं. हवंच तर भांड्याच्या तळाशी पसरा.

पाणी देताना फांदीसकट रोप बाहेर काढा. आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटं बादलीत बुडवा, झटका आणि चार तास उलटं टांगून सुकवा. पावसाळ्यात पाणी कमीच द्या. हे काम सकाळी करावं, कारण या रोपाची पानं रात्री हवा आत घेतात. तेव्हा ती ओली असली तर त्याचा श्वास कोंडतो. मागांच्या गावात पानांवर तंतूंची पूड बसते, तीही या आंघोळीत निघून जाते. भांडं उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको, काच भट्टीसारखी तापते.

फूल आयुष्यात एकदाच येतं. त्यानंतर बुंध्याशी पिल्लं फुटतात. ती आईच्या निम्म्याएवढी झाली की वेगळी करता येतात. तोवर दुसरी फांदी शोधून ठेवा.