ऑपरेशन आणि अँटिबायोटिक
(हसनाबाद येथे दिलेले भाषण)



हसनाबाद-भोकरदन भागातला माणूस ऑपरेशनसाठी जालन्याला जातो, तेव्हा खिशात कापूस-सोयाबीनचा पैसा असतो. त्यातला बराचसा ऑपरेशननंतर मेडिकल दुकानात जातो. टाके निघेपर्यंत अँटिबायोटिक चालू राहिले नाही तर जखम पिकेल, ही समजूत आपल्यात घट्ट बसली आहे. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टींवर विसंबू नका असे सांगितले. ते दवाखान्यातही लागू आहे.

जंतू जखमेत शिरतात ते मुख्यतः कातडी कापल्यापासून टाके घालेपर्यंत. औषध त्याआधीच रक्तामांसात पोचलेले हवे. जॉन बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगांवर प्रयोग करून हे दाखवले. जंतू शिरल्यावर तीन तासांनी दिलेले औषध, दिले काय अन् न दिले काय, सारखेच ठरले! म्हणून सेफाझोलिनसारखे इंजेक्शन कापण्यापूर्वी तासाभराच्या आत देतात. ऑपरेशन चार तासांहून लांबले किंवा रक्त फार गेले तर आणखी एक डोस. सिझेरियनलाही इंजेक्शन आधीच द्यायचे. काही स्वच्छ, लहान ऑपरेशनांना तर तेवढेही लागत नाही. ऑपरेशन संपल्यावर निव्वळ प्रतिबंधासाठी औषध लांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितले आहे.

मात्र अपेंडिक्स फुटले, पोटात पू झाला, तर तो प्रतिबंध नव्हे, उपचार आहे. तिथे डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध घ्यावेच लागते. माझे भाषण ऐकून कोणी मनाने गोळ्या बंद करू नयेत!

दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. जखम चिघळली तर नातेवाईक भांडतील ही त्यांना धास्ती, आणि "साहेब, भारी औषध लिहा" हा आपला आग्रह. जादा गोळ्यांनी जुलाब लागतात, अंगावर पुरळ उठते. शिवाय जंतू औषधाला सरावतात. पुढे घरातल्या लेकराला न्यूमोनिया झाला, तर तेच औषध लागू पडेनासे होते.

तेव्हा ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना नम्रपणे विचारा: इंजेक्शन कापण्याच्या किती आधी देणार? नंतरच्या गोळ्या कशासाठी, किती दिवस? साबणाने आंघोळ करून जा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. आणि आदल्या रात्री घरी ब्लेडने केस काढू नका. त्या बारीक जखमांतच जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर दवाखान्यात मशीनने काढतील.