औषधाची बाधा आणि आपला संकोच
(निरगुडसर येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात शिक्षणनिधी व वधूवर-परिचय यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आज मी आजारपणाविषयी बोलतो, याबद्दल क्षमा असावी. कर्करोगाचे नाव आपल्या घरांतून अजून ओठांतल्या ओठांत घेतले जाते, आणि त्या कुजबुजीची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

माझ्या थोरल्या वहिनींना स्तनाच्या कर्करोगासाठी कॅपेसिटाबीनच्या गोळ्या सुरू झाल्या. १४ दिवस दोन्ही वेळा जेवणानंतर गोळ्या, मग ७ दिवस विश्रांती. सुई नाही म्हणून आम्हांस हायसे वाटले. दुसऱ्या फेरीत तळहात लालबुंद झाले, आग होऊन कातडी सोलवटू लागली. ज्या हातांनी जन्मभर भाकरी थापल्या, त्यांना तांब्या धरवेना. वहिनींनी कोणास न सांगता गोळ्या एक दिवसाआड केल्या. मुलगा कामधाम सोडून पुण्याच्या खेपा घालतो, त्यात आणखी तक्रार कशाला, हा त्यांचा विचार. घरच्या शहाण्यांनी, त्यांत मीही होतो, 'उष्णता झाली' म्हणून सब्जाचे पाणी सुचविले!

पुढील तपासणीत रोग यकृतात पसरलेला दिसला. गोळ्या नियमाने घेतल्या असत्या तर, असे दादांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, "सांगता येणार नाही. पूर्ण मात्रा चालू असतानाही काही गाठी औषधाला दाद देईनाशा होतात. पण हे औषध निष्फळ ठरले की अपुरे पडले, हेच आता मला कळत नाही." हात सोलवटल्यास औषध थोडे थांबवून मात्रा कमी करता येते, हेही तेव्हाच समजले.

२०२४ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी अडीचशेहून अधिक रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आपण गुडघ्यांना चोळतो ते डायक्लोफेनॅकचे मलम आरंभापासून हातांना लावणाऱ्यांत शेकडा ३.८ जणांना ही बाधा त्रासदायक झाली. औषधविरहित मलम लावणाऱ्यांत शेकडा १५ जणांना. अर्थात डॉक्टरांना विचारूनच ते लावावे. जुलाब वाढले किंवा ताप आला, तर मात्र उजाडण्याची वाट पाहू नये.

वहिनींना आता दुसरे औषध चालू आहे. नात रोज वहीत गोळ्या, ताप, जुलाब आणि हातांची अवस्था लिहिते. वहिनींच्या अनुमतीने ती वही मी आणली आहे. ज्यांच्या घरी असे औषध चालू असेल, त्यांनी भोजनानंतर ती अवश्य पाहावी.