मानव्यविद्यांचे विद्यापीठ आणि राज्याची सीमा

गाझियाबाद हे नगर दिल्लीच्या पूर्वेस, तिच्या अगदी वेशीवर वसलेले आहे. १९७६ साली मेरठपासून वेगळा काढून त्याचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. कारखाने, रेल्वेचे जंक्शन आणि अलीकडच्या काळात अभियांत्रिकी व व्यवस्थापन शिकविणारी खासगी महाविद्यालये, अशी या नगराची ओळख आहे. २०१९ पासून तेथील शहीद स्थळ या स्थानकावरून मेट्रोगाडी थेट दिल्लीच्या काश्मिरी दरवाजापर्यंत जाते. उत्तर प्रदेश कोठे संपला आणि दिल्ली कोठे सुरू झाली, हे त्या प्रवासात कोणाच्या ध्यानातही येत नाही. उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात मात्र ही सीमारेषा फार ठळक आहे.

काश्मिरी दरवाजाजवळ एक सार्वजनिक विद्यापीठ आहे. दिल्ली विधानसभेच्या २००७ सालच्या अधिनियमाने ते स्थापन झाले आणि पुढील वर्षी त्याचे कार्य सुरू झाले. अधिनियमात त्याचे नाव भारतरत्न डॉ. बी. आर. आंबेडकर विश्वविद्यालय असे आहे. सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या यांचे अध्ययन व संशोधन हे कार्य त्याच्याकडे मुख्यत्वे सोपविण्यात आले आहे. दारा शुकोहचे ग्रंथालय म्हणून ओळखली जाणारी जुनी वास्तू याच परिसरात उभी आहे. ज्या राजपुत्राने १६५७ साली उपनिषदांचे फारसी भाषांतर सिद्ध करविले, त्याच्या ग्रंथालयाचा शेजार या विद्यापीठास लाभावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण होय.

एखाद्या विद्यापीठाने कोणत्या विद्यांस प्राधान्य द्यावे, हे कायद्याने सांगण्याची आवश्यकता काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, समाजशास्त्र हे विषय तर सर्वत्र शिकविले जातातच. परंतु शिकविले जाणे आणि संस्थेचे प्रयोजन असणे, यांत अंतर आहे. जेथे हे विषय अनेकांपैकी एक असतात, तेथे निधीची टंचाई भासताच कात्री प्रथम त्यांनाच लागते. कायद्याने नेमून दिलेले प्रयोजन असे सहजासहजी बाजूला सारता येत नाही. ते बदलावयाचे झाल्यास पुन्हा विधिमंडळापुढे जावे लागते आणि त्याची कारणे उघडपणे द्यावी लागतात.

अमेरिकेतील मिसुरी राज्याने हाच मार्ग वेगळ्या रीतीने चोखाळला. कर्क्सव्हिल या लहानशा गावी १८६७ साली शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी एक संस्था निघाली होती. कालांतराने ती विद्यापीठ झाली. १९८५ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तिला संपूर्ण राज्यासाठी उदार विद्यांचे सार्वजनिक विद्यापीठ ठरविले. १९९६ पासून ती ट्रूमन विद्यापीठ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत अशा प्रकारचे शिक्षण बहुधा खर्चिक खासगी महाविद्यालयांत मिळे. ते सामान्य कुटुंबातील मुलांना राज्याच्या खर्चाने मिळावे, हा या कायद्याचा मोठा लाभ होय.

'उदार विद्या' या संज्ञेचा इतिहास येथे लक्षात घेण्याजोगा आहे. प्राचीन रोममध्ये स्वतंत्र नागरिकास शोभणाऱ्या विद्यांना हे नाव होते. गुलामाच्या वाट्याला बहुधा हातांचे काम येई. आपल्या देशातही शतकानुशतके विद्येवर जन्माचा पहारा होता. तो पहारा ज्यांनी मोडला त्या डॉ. आंबेडकरांचे नाव अशा विद्यापीठास दिले जाणे उचितच आहे.

आता पुन्हा गाझियाबादकडे वळू. येथील ज्या मुलीला इतिहास वा समाजशास्त्र शिकावयाचे आहे, तिच्यासमोर मुख्यतः मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठाशी संलग्न असलेली महाविद्यालये असतात. १९६५ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ अभ्यासक्रम ठरविते आणि परीक्षा घेते. महाविद्यालयातील शिक्षकाने त्यानुसार शिकवावयाचे असते. आंबेडकर विद्यापीठात शिकविणारा शिक्षक अभ्यासक्रमाच्या रचनेत आणि मूल्यमापनात स्वतः सहभागी असतो. पहिल्या पद्धतीने हजारो घरांत प्रथमच पदवी पोहोचविली, हे तिचे ऋण मान्य करावयास हवे. तरीही प्रश्न विचारावयास शिकविणे तिला अधिक कठीण जाते.

ही मुलगी मेट्रोने काश्मिरी दरवाजास जाऊ शकते. परंतु तेथील ८५ टक्के जागा दिल्लीच्या राजधानी क्षेत्रातील उमेदवारांसाठी राखीव आहेत. उरलेल्या १५ टक्क्यांसाठी तिला देशभरातील विद्यार्थ्यांशी स्पर्धा करावी लागते. या नियमास अन्याय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. दिल्लीच्या करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने प्रथम दिल्लीच्या मुलांचा विचार करावा, हे म्हणणे निराधार नाही. उत्तर प्रदेशाच्या विधिमंडळासही असा कायदा करण्यास कोणी मज्जाव केलेला नाही. २००० साली त्याने तंत्रविद्येसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन केले आणि गाझियाबादची अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये त्यास संलग्न झाली. राज्य ज्या विद्येस आवश्यक मानते, तिच्यासाठी ते कायदा करते, एवढे यावरून स्पष्ट होते.

या संदर्भात डॉ. आंबेडकरांच्याच आयुष्यातील एक गोष्ट स्मरणात ठेवण्यासारखी आहे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांचा जन्म महूचा आणि कुटुंब मुंबईचे. बडोदा संस्थानचे ते प्रजाजन नव्हते. संस्थानाने मोबदल्यात दहा वर्षांच्या नोकरीचा करार करून घेतला, पण जन्मस्थान वा निवासस्थान आड येऊ दिले नाही. तेथे त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचेही अध्ययन केले.

त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या दारापर्यंत गाझियाबादची मुलगी आज अल्पावधीत पोहोचते. तिला आत जागा मिळावी यासाठी दोन्ही राज्ये आपसांत करार करू शकतात, किंवा तिचे स्वतःचे राज्य तिच्या गावी तसेच विद्यापीठ उभारू शकते. यांपैकी काहीच न घडल्यास तिचा कल कोठे आहे हे न विचारताच, जे जवळ व उपलब्ध आहे ते तिला शिकावे लागेल.