उजेडाची मालकी कोणाची?



१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा सरकारी पथके कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत शिरली. अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढण्यात आली, आणि जी घरे माणसाच्या वस्तीला अयोग्य ठरली, त्यांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी आद्याक्षरे रंगविण्यात आली. ज्यांच्या भिंतीवर ती अक्षरे उमटली त्यांना ती वाचताही येत नव्हती. परंतु त्या अक्षरांमागे एक कबुली होती. रोग केवळ माणसाच्या शरीरात नसतो, तो घराच्या बांधणीतही असतो, हे राज्यकर्त्यांना त्या दिवशी मान्य करावे लागले.

आज त्याच मुंबईत, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांवर, निराळी अक्षरे रंगविलेली आढळतात. ‘वेलनेस’, ‘हरित जीवन’, ‘शुद्ध हवेचे घर’. योगकक्ष, जलतरण तलाव, गाळलेली हवा, सातव्या मजल्यावरची बाग आणि या सर्वांवर शिक्का मारणारे एखाद्या संस्थेचे प्रमाणपत्र. २०१४ साली ‘वेल’ नावाचे इमारत-मानक जगाच्या बाजारात आले. त्यापूर्वीच ‘लीड’, सिंगापूरचे ‘ग्रीन मार्क’, भारतातील ‘गृह’ ही मानके रूढ होऊ लागली होती. या मानकांत वाईट असे काही नाही. घरात ऊन यावे, वारा खेळावा, पाणी वाया जाऊ नये, हे कोणाला नको आहे? प्रश्न एवढाच आहे की, जे १८९६ साली साऱ्या नगराचे सार्वजनिक कर्तव्य म्हणून मान्य झाले, ते सव्वाशे वर्षांनी मूठभरांच्या खरेदीची वस्तू कसे झाले?

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे अध्यक्ष राहिलेले जे. पी. ऑर यांनी उजेड आणि हवा यांचा एक साधा नियम हिरिरीने मांडला. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून तो ओळखला जातो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की, समोरच्या इमारतीची जितकी उंची, तिच्या निदान निम्मे अंतर दोन इमारतींमध्ये मोकळे असावे. म्हणजे तळमजल्याच्या खोलीतूनही आभाळाचा तुकडा दिसेल. ट्रस्ट काही गरिबांचा कैवारी नव्हता. त्याने पाडलेली घरे पुष्कळ होती आणि उठविलेल्या माणसांपैकी अनेकांना तो निवारा देऊ शकला नाही. दादर-माटुंग्याच्या रेखीव वसाहतींत गिरणी कामगार राहावयास गेला नाही, मध्यमवर्ग गेला. तरीही वसाहतवादी सत्तेच्या एका अधिकाऱ्याला तळमजल्यावरच्या माणसाच्या वाट्याचे आभाळ मोजावेसे वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कारण त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, स्वतंत्र भारतात, लोकनियुक्त सरकारच्या अमदानीत, गोवंडीच्या परिसरात जे घडले ते या नियमाशी ताडून पाहिले पाहिजे. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी ज्यांच्या झोपड्या हटविल्या, त्यांना लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत घरे देण्यात आली. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नावाखाली मोकळ्या जागांचे नियम सैल केलेले होते. त्यामुळे दोन इमारतींमध्ये काही ठिकाणी जेमतेम ३ मीटरचे अंतर राहिले. सात मजल्यांची इमारत सुमारे २१ मीटर उंच असते. ऑर यांच्या नियमाने तिच्यासमोर १० मीटरहून अधिक मोकळी जागा हवी होती. ती एकतृतीयांशही नव्हती. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लावावे लागतात. क्षयाचे जंतू उन्हात मरतात आणि वाहत्या हवेत विरळ होतात. जिथे ऊनही नाही आणि वाराही नाही, तिथे ते टिकून राहतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या वसाहतींतील क्षयरोगाचा उजेड आणि हवेच्या अभावाशी संबंध असल्याचे, आणि खालच्या मजल्यांवर धोका अधिक असल्याचे दिसून आले. झोपडी पडकी होती, पण तिच्या दारात ऊन येत होते. पक्के घर मिळाले आणि ऊन गेले. अशा घराला पुनर्वसन म्हणावे की आजाराची तरतूद, हे ज्याने त्याने ठरवावे.

एकाच शहरात, एकाच काळात, एका माणसाच्या घरात हवा गाळून सोडली जाते आणि दुसऱ्याच्या घरात ती शिरतच नाही. हा योगायोग नव्हे. या दोन्ही इमारती एकाच व्यवस्थेची अपत्ये आहेत. पुनर्वसनाच्या इमारती दाटीवाटीने एका कोपऱ्यात बसविल्या की उरलेली जमीन विक्रीसाठी मोकळी होते, किंवा पुनर्वसनाच्या मोबदल्यात मिळालेले विकासहक्क दुसरीकडे नेऊन विकता येतात. विक्रीच्या मनोऱ्याभोवतीची ऐसपैस बाग ही शेजारच्या इमारतींच्या आक्रसलेल्या अंतरातून निर्माण झालेली असते. आरोग्याची ही निर्मिती नव्हे, हे आरोग्याचे स्थलांतर आहे.

गिरणगावाची कहाणी यापेक्षा वेगळी नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्यांचा धूर कायमचा विरत गेला. मागे राहिली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे साधारण तीन वाटे कल्पिले होते. एक नगराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकासाठी. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या साऱ्या भूभागाचा एकत्रित विचार करण्याची दिशा दाखविली. मुंबईत माणशी जेमतेम १ चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा असताना, या शहराला फुप्फुसे मिळण्याची ती अखेरची संधी होती. परंतु २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता, बांधकामाविना मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने कौल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. एका शब्दाच्या अर्थावर नगराच्या वाट्याची मैदाने हरवली. ज्यांच्या घामावर त्या गिरण्या चालल्या ते कामगार आणि त्यांचे वारस मुंबईतच घर हवे म्हणून जुलै २०२५ मध्येही आझाद मैदानावर जमले होते. त्यांच्यापुढे प्रस्ताव होता तो शेलू आणि वांगणीचा.

आता या मनोऱ्यांवरच्या बागांकडे पाहावे. वाहनतळाचे कित्येक मजले एकावर एक रचून त्यांच्या माथ्यावर माती पसरतात आणि तिला बाग म्हणतात. त्या बागेत पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही, मोठे झाड मूळ धरत नाही, आणि रस्त्यावरच्या मुलाला ती दिसतही नाही. खालचे वाहनतळाचे धिप्पाड ठोकळे मात्र शेजारच्या चाळीचा वारा अडवितात. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका खटल्यात, नियमानुसार सोडावयाची करमणुकीची जागा जमिनीवरच असली पाहिजे, असा निर्णय दिला. झाडाला जमीन लागते, एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला लेखणी उचलावी लागली! वातानुकूलन यंत्रांचेही तसेच. ते आतली खोली थंड करते आणि आतली उष्णता बाहेर फेकते. ती बाहेरची हवा ज्याच्या वाट्याला येते, त्याच्याजवळ यंत्र नसते.

शासन या व्यवहाराला वर बक्षीसही देते. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने, बृहन्मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांत, हरित प्रमाणपत्र मिळविणाऱ्या इमारतींना दर्जानुसार ३, ५ वा ७ टक्के जादा चटईक्षेत्र देऊ केले आहे. म्हणजे पर्यावरण राखल्याबद्दल अधिक बांधकामाची मुभा! त्या अधिक बांधकामाचा पाण्यावर, गटारांवर, रस्त्यावर पडणारा भार मात्र सर्वांनी वाहावयाचा.

आशियातील इतर दाट शहरांचा अनुभव काय सांगतो? सिंगापूरचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. १९६० साली तेथे गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी बुकित हो स्वी येथील आगीत सुमारे १६,००० माणसे बेघर झाली आणि घरबांधणीला वेग आला. १९६६ च्या कायद्याने शासनाने जमीन ताब्यात घेण्याचा व्यापक अधिकार मिळविला. आज तेथील सुमारे तीनचतुर्थांशांहून अधिक रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात; घर ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळते. कम्पुंग ॲडमिरल्टी या संकुलात वृद्धांची सुमारे १०० घरे, दवाखाना, खाद्यगृह, बालसंगोपन केंद्र आणि उतरत्या गच्च्यांवरील बाग एकत्र आणली आहे. २०१८ साली जागतिक वास्तुकला महोत्सवात ते सर्वोत्तम ठरले. तिथे आरोग्य विकावयाला काढलेले नाही, त्याची योजना केलेली आहे. आणि ती शक्य झाली याचे कारण वास्तुविशारदांची प्रतिभा हे जेवढे, त्याहून अधिक म्हणजे जमिनीवरची सार्वजनिक मालकी.

परंतु सिंगापूरची आरती ओवाळणाऱ्यांनी त्याच शहराची दुसरी बाजूही पाहावी. ती सुंदर घरे बांधणारे बांगलादेशी आणि भारतीय मजूर सामायिक वसतिगृहांत, एका खोलीत दहा-बाराजण, अशा दाटीने राहत होते. २०२० साली कोविड आला तेव्हा शासनाने डिसेंबरात दिलेल्या आकड्यांनुसार वसतिगृहांतील जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४७ टक्के मजुरांना संसर्ग होऊन गेला होता. ज्याला नागरिक मानले त्याच्यासाठी वारा, ज्याला केवळ हात मानले त्याच्यासाठी कोंडवाडा.

हाँगकाँगने आणखी एक धडा दिला. २००३ साली सार्सच्या साथीत अमॉय गार्डन्स या संकुलात ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली. ती झोपडपट्टी नव्हती, मध्यमवर्गाची खासगी वसाहत होती. न्हाणीघरांच्या मोऱ्यांतील पाण्याचे सापळे कोरडे पडले होते. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांनी सांडपाण्याच्या नळातील दूषित हवा आत ओढली, आणि इमारतींमधल्या अरुंद चौकातून ती वर चढली. एका मजल्याने आपले दार बंद करून आरोग्य राखता येत नाही, हे त्या नळाने शिकविले. त्यानंतर २००६ साली तेथे मोठ्या सरकारी प्रकल्पांच्या आखणीत वाऱ्याच्या वाटांची तपासणी करण्याची पद्धत आली. उशिरा का होईना, वारा हा नगररचनेचा विषय ठरला.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. चाळींत तरी कोणते आरोग्य होते? आक्षेप खरा आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसांनी काढलेल्या आयुष्यांचे गोडवे गाणे हा कष्टकऱ्यांचा अपमान आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे येत असतील, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या असतील, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. उंच इमारत ही शत्रू नव्हे. दाट शहरात उंची अटळ आहे. प्रश्न उंचीचा नाही. दोन उंचींमधल्या अंतराचा आहे, उद्वाहन आणि पाण्याचा पंप दहा वर्षांनी कोण चालविणार याचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, बिल्डरच्या नफ्यावाचून गरिबाला घर मिळणार नाही. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी सिंगापूरला जाण्याचे कारण नाही, गोरेगावच्या दिंडोशीपर्यंत जाणे पुरेसे आहे. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन सामान्यांना मिळावी म्हणून मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे रस्त्यावर आणि न्यायालयात लढा दिला. त्यातून सुमारे ६,००० कुटुंबांची वसाहत उभी राहिली. सहकारी संस्था, परवडणारी किंमत, आणि नफा शून्य. हे स्वप्न नव्हते, विटा-सिमेंटचे वास्तव होते. पण असे वास्तव आणखी उभे राहू नये याची व्यवस्था झाली. केंद्राने तो कायदा १९९९ साली मागे घेतला, आणि २००७ साली महाराष्ट्रानेही.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. उजेड, हवा आणि अंतर यांचे मानक सर्वप्रथम पुनर्वसनाच्या इमारतींना लागू झाले पाहिजे. तेथे सवलत नको, सक्ती हवी. तळमजल्यावरच्या खोलीत ऊन पोचत नसेल तर त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळता कामा नये. शासकीय, गिरण्यांच्या आणि मिठागरांच्या उरलेल्या जमिनी विकाऊ वस्तू न मानता निवारा आणि मैदाने यांसाठी राखल्या पाहिजेत. ‘हरित’ म्हणवून घेणाऱ्या प्रत्येक इमारतीला आधी विचारावे की, ती बांधणारे मजूर कोठे झोपले? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने त्यांच्या तात्पुरत्या विनामूल्य निवासाची जबाबदारी मालकावर टाकलेली होती. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या मजुराच्या हातून बांधलेल्या आरोग्यधामाला कोणतेही प्रमाणपत्र शोभत नाही.

प्लेगच्या काळी भिंतीवर अक्षरे रंगविणारे परके होते. आजच्या भिंती स्वकीयांनी बांधलेल्या आहेत. गोवंडीच्या तळमजल्यावर भर दुपारी दिवा लावून अभ्यास करणाऱ्या मुलीच्या खिडकीसमोर ३ मीटरवर जी भिंत उभी आहे, तिच्यावर कोणतीही अक्षरे नाहीत. ती भिंत मंजूर करणाऱ्या नकाशावर मात्र सह्या आहेत. त्या सह्यांचा जाब विचारणे, हीच आरोग्याच्या चळवळीची सुरुवात होय.