औषधाचे नाव आणि औषधाचे दाम



या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, शेतीचे अर्थकारण असे विषय येतात. गोळ्यांच्या पाकिटावर व्याख्यान म्हणजे काहींना चमत्कारिक वाटेल. तथापि ज्या घरात दीर्घकालीन ‘हिपॅटायटिस बी’चा रोगी आहे, त्या घरात दर महिन्याला हाच विषय निघतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक नाव लिहिलेले असते. कुणी सांगते, तेच औषध दुसऱ्या नावाने पुष्कळ कमी किमतीत मिळते. मग घरातले वडीलधारे विचारतात, ‘स्वस्त ते खरे असेल काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याला आम्ही येथे उत्तर देऊ पाहणार आहोत.

प्रथम रोगाविषयी थोडे. आपल्याकडे डोळे पिवळे झाले म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हटली की ती उतरविणाऱ्याचे घर गाठावयाचे, असा परिपाठ आहे. पुष्कळ काविळी आपोआपच उतरतात आणि श्रेय त्या गृहस्थाला मिळते. हा रोग मात्र निराळा. विषाणू रक्तात सहा महिन्यांहून अधिक काळ राहिला, की तो दीर्घकालीन समजावयाचा. डोळे पिवळे होत नाहीत, भूक मरत नाही. रक्तदानाच्या वेळी किंवा गरोदरपणीच्या तपासणीत अकस्मात पत्ता लागतो. प्रौढ वयात लागण झालेले बहुतेक लोक त्यातून मोकळे होतात, पण आईकडून जन्मतः लागण झालेल्या दहांपैकी नऊ बालकांत तो मुक्काम ठोकतो. पुढे काहींच्या यकृताला सिरॉसिस किंवा कर्करोग होतो. अशा प्रत्येक रोग्याला औषध लागतेच असे नाही. ते रक्ततपासणीवरून डॉक्टर ठरवितात. पण ज्याला लागते त्याला ते वर्षानुवर्षे, कित्येकदा जन्मभर लागते.

हे औषध म्हणजे मुख्यतः दोन द्रव्ये, एन्टेकाविर आणि टेनोफोविर. रोज एक गोळी. ही औषधे विषाणूला दाबून ठेवतात. उपटून टाकीत नाहीत. म्हणून मध्येच गोळी सोडली, तर दबलेला विषाणू उसळतो, यकृताला तीव्र सूज येते, आणि प्रसंगी जिवावर बेतते. आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. हिंगणघाट-आर्वीकडच्या कापूसवाल्याच्या हाती पैसा येतो तो बहुधा दिवाळीनंतर. मृग लागला की बी-खतात जातो. गोळीचा खर्च मात्र बाराही महिने सारखा. ज्या गोळीचे दाम ज्येष्ठ-आषाढात निघत नाही, ती कितीही नामांकित कंपनीची असली तरी त्या घरापुरती निरुपयोगी आहे. म्हणून किंमत हा येथे उपचाराचाच भाग आहे, असे आमचे मत आहे.

आता नावांचा गोंधळ उलगडू. एखादे औषध प्रथम शोधून बाजारात आणणाऱ्या कंपनीचे एक नाव असते. एन्टेकाविर ‘बॅराक्लूड’ या नावाने २००५ साली अमेरिकेत आले. टेनोफोविर ‘व्हिरिअॅड’ या नावाने २००१ साली एड्सच्या विषाणूवर आणि २००८ साली हिपॅटायटिस बी वर मान्य झाले. तेच द्रव्य, तितक्याच प्रमाणात, दुसऱ्या कारखान्याने केले की ते जेनेरिक. पण भारतात तिसराच प्रकार बोकाळला आहे. तेच जेनेरिक द्रव्य शेकडो कंपन्या आपापले ठसठशीत नाव देऊन विकतात. आपण ज्याला ‘ब्रँडची गोळी’ म्हणतो, ती बहुधा हीच. म्हणजे नाव घेतलेले जेनेरिकच. मूळ कंपनीची गोळी आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. तेव्हा भांडण विलायती आणि देशी यांच्यात नसून, दोन देशी गोळ्यांत आहे.

हे शक्य झाले ते कायद्यामुळे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला, आणि औषधाच्या द्रव्यावरचा मक्ता जाऊन केवळ कृतीवरचा मक्ता राहिला. आमचे रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या कृतीने तेच द्रव्य करू लागले. २००५ पासून द्रव्यावरचे पेटंट परत आले खरे, पण टेनोफोविरच्या प्रचलित क्षारावरचा मूळ कंपनीचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने २००९ साली फेटाळला. आजची स्वस्ताई ही कुणा व्यापाऱ्याची उदारता नव्हे.

‘पण गुण येतो का?’ येथे हा रोग मोठा सोयीचा आहे. डोकेदुखीत गुण आला की नाही, हे रोग्याच्या सांगण्यावर अवलंबून. येथे मात्र मोजमाप आहे. रक्तातील विषाणूंची संख्या तपासता येते. ती घटत गेली आणि खालीच राहिली, तर गोळी काम करीत आहे. रोज नेमाने गोळी घेऊनही ती वाढली, तर डॉक्टरांनी गोळीचा विचार करावा. ही तपासणी स्वस्त नाही. म्हणूनच गोळीवर वाचलेला पैसा तिच्यासाठी ठेवावा. टेनोफोविर घेणाऱ्याने मूत्रपिंडाची तपासणीही चुकवू नये.

निकृष्ट औषधाचे भय अगदीच निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात शासकीय रुग्णालयांना बनावट प्रतिजैविके पुरविल्याचे प्रकरण २०२४ मध्ये गाजलेच. पण बनावट औषध आणि जेनेरिक औषध ह्या दोन वस्तू आहेत. खोटी नोट छापणारा मोठ्या किमतीची छापतो. बनावट औषधवालाही खपाचे नामांकित नाव सोडीत नाही. खरी राखण नावाने होत नाही, कारखान्याच्या आणि औषधाच्या तपासणीने होते. ती तपासणी आपल्याकडे हवी तितकी कडक नाही, हे खेदाने म्हटले पाहिजे.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यात एक उदाहरण आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने एके काळी आसपासच्या गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन त्यांच्या औषधोपचाराची हमी घेतली होती. त्याच रुग्णालयाने, १९६९ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आश्रयाने, २०१० च्या सुमारास स्वस्त जेनेरिक औषधांचा उपक्रम सुरू केला. डॉ. एस. पी. कलंत्री यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. रुग्णालयाने गरजेच्या औषधांची यादी करावी, द्रव्याच्या नावाने घाऊक खरेदी करावी, आणि डॉक्टरांनी त्याच नावाने लिहावे, अशी ही रीत. एकटा रोगी कारखाना तपासू शकत नाही. रुग्णालय मालाची पारख करू शकते. यात आम्हांस या प्रश्नाची गुरुकिल्ली दिसते.

आता काही खाचखळगे. लॅमिव्युडिन नावाचे एक जुने, स्वस्त औषध आहे. ते जेनेरिक मिळते म्हणून टेनोफोविरच्या ऐवजी घेणे म्हणजे गहू मागून ज्वारी आणणे होय. ते वेगळेच द्रव्य आहे. एकटे लॅमिव्युडिन घेणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांच्या शरीरात पाच वर्षांत विषाणू त्याला पुरून उरतो. दुसरे, टेनोफोविरच्या एका पाकिटावर ३०० मिलिग्रॅम आणि दुसऱ्यावर २५ असे दिसेल. २५ ची गोळी दुबळी नव्हे. ते टेनोफोविरचे निराळे रूप आहे, त्याचे प्रमाणच तितके. दोहोंची अदलाबदल आपल्या मनाने करू नये. आणि टेनोफोविर सुरू करण्यापूर्वी एचआयव्हीची तपासणी झालेली असावी. तो विषाणूही सोबत असला, तर हे एकटे औषध देणे घातक ठरते. आणखी एक गोम अशी, की ‘जेनेरिक’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटावरही कधीकधी छापील किंमत भरमसाट असते आणि मधला नफा दुकानदाराकडे राहतो. तेव्हा ‘जेनेरिक’ हा शब्द ऐकून भुलू नये, आकडा पाहावा.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात या रोगाची तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. विकत घेण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी अवश्य करावी.

राहिली चिठ्ठी. डॉक्टरांनी एका कंपनीचे नाव लिहिले असेल, तर दुकानदाराला परस्पर दुसरे देण्याची औषध-नियमांनी मनाई आहे. म्हणजे निवड दुकानाच्या फळीवर नव्हे, डॉक्टरांच्या मेजावर होते. द्रव्याचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, असे वैद्यक परिषदेने २०१६ साली सांगितले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते अधिक कडकपणे सांगितले आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगित केला. तेव्हा रोग्याने चिठ्ठी लिहिली जात असतानाच विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, द्रव्याचे नाव लिहाल का? आणि हे स्वस्तातले घेतले तर विषाणूंची तपासणी पुन्हा केव्हा करू?’ उत्तराची तारीख चिठ्ठीच्या पाठीमागे टिपून घ्यावी.